ऑनस्टॉट जजबाईंना ठेवावे की काढावे

सेज बेंड,
नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा

ती. सौ. अर्डिथताईस,

धाकट्या वेंडेलचा, गुडघे वाकतील तितका वाकून, नमस्कार. इकडे मी आणि रोझेला बरे आहोत. तिकडे ॲरिझोनात तुझा दमा आणि मर्विनभाऊजींचा नवा खुबा आपापल्या जागी शांत असतील अशी आशा करतो. भाऊजी त्या खुब्यावर गोल्फ खेळायला लागले असं तू कळवलंस. माणसाने जुन्या खुब्यावर जे कधी केलं नाही ते नव्यावर करू नये असं माझं मत आहे, पण माझं मत कोणी विचारत नाही. (या वर्षी मात्र सरकारने विचारलं. तेच सांगायला बसलो आहे.) इकडे बर्फ पडलं, बटाटे निघाले, आणि लोक एकमेकांशी पुन्हा बोलू लागले आहेत, कारण निवडणूक एकदाची झाली.

उन्हाळ्याच्या तोंडाला मला राजधानीहून कळवण्यात आलं की आपल्या काउंटीच्या जजबाई बिएट्रिस ऑनस्टॉट यांची मुदत संपत आली आहे, त्यांना ठेवायचं की काढायचं हे मतदार नोव्हेंबरात ठरवतील, आणि मतदारांना आधी सल्ला देण्यासाठी जी समिती बसते तिच्यावर माझी नेमणूक झाली आहे. हे सगळं तू इथून गेल्यानंतरचं. तुझ्या वेळी जज एकदा खुर्चीत बसला की मरेपर्यंत उठत नसे, आणि काहींच्या बाबतीत तर मेल्याचंही उशिराच लक्षात यायचं. आता दर काही वर्षांनी मतपत्रिकेवर जजचं नाव येतं. समोर उमेदवार नाही, पक्ष नाही. नुसतं नाव, आणि पुढे 'ठेवा' व 'काढा' असे दोन चौकोन. लग्नाच्या बाबतीत अशी सोय असती तर काय बहार झाली असती, असं मी सहज म्हणालो. रोझेला म्हणाली, "असती तर तुझा प्रचार कोणी केला असता?" मी विषय बदलला.

समितीत आम्ही चौघं. अध्यक्षा फिलिपा ग्रुनवाल्ड, गावातली वकीलबाई. (गावात वकील दोनच. दुसरा तिचा घटस्फोटित नवरा, त्यामुळे आपल्याकडचा कुठलाही खटला त्यांचा घरचाच असतो.) मग डेल्बर्ट पाचेको, बटाटेवाला. तिसऱ्या आयोन कॅसलबेरीबाई, ज्या रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात आणि बाकीचे सहा दिवस गावाला. आणि चौथा मी. जन्मभर विमा विकल्यामुळे मला माणसांची पारख आहे असं सरकारला वाटलं असावं. पहिल्याच बैठकीत फिलिपाने नियम वाचून दाखवला, की ज्या सभासदाचा जजबाईंशी पूर्वी संबंध आला असेल त्याने तसं सांगून बाजूला व्हावं. डेल्बर्ट म्हणाला, त्याच्या बैलाने शेजाऱ्याचं कुंपण मोडलं तेव्हा बाईंनी त्याला दंड केला होता, आणि मुळात तो बैल त्याचा नव्हताच. आयोनबाई म्हणाल्या, त्यांच्या नातवाने पाण्याच्या टाकीवर एका मुलीचं नाव लिहिलं तेव्हा बाईंनी त्याला ती अख्खी टाकी रंगवायला लावली. फिलिपा तर रोजच त्यांच्यासमोर उभी असते. मी सांगितलं की शाळेपुढून गाडी जरा जोरात नेल्याबद्दल मला एकदा...

"जरा?" फिलिपा म्हणाली. (त्या वेळी माझी वकील तीच होती.)

म्हणजे नियमाप्रमाणे समितीत कोणीच उरत नव्हतं. तासभर विचार करून असं ठरलं, की सगळ्यांचाच संबंध आलेला असल्यामुळे तो कोणाचाच आलेला नाही असं धरावं. आयोनबाईंनी आणलेला जर्दाळूचा केक खाऊन सभा बरखास्त झाली.

आता काम असं, की कोर्टात मागच्या बाकावर गुपचूप बसायचं आणि जजबाई लोकांशी सौजन्याने वागतात का, कायदा त्यांना येतो का, बोललेलं समजतं का, हे पाहायचं. कोर्ट अजून तिथेच आहे, लायब्ररीच्या वर. आता सेज बेंडमध्ये गुपचूप बसायचं म्हणजे बैलगाडीत हत्ती लपवायचा. मी उशी बगलेत घेऊन जिना चढलो तेव्हा शिपाई ऑट्टोने हाक मारली, "वेंडेल, निरीक्षणाला आलास ना? बसायला रेडिएटरपासची जागा धर, ऊब आहे." त्या उबेने घात केला. दोन कुत्र्यांच्या भांडणाचा खटला चालू होता, दोन्ही मालक आपापल्या कुत्र्याच्या स्वभावाबद्दल साक्ष देत होते, आणि मी जेवून गेलो होतो. मी घोरत होतो हे मला कोणी सांगितलं नसतं तर मी मानलं नसतं. जजबाईंनी साक्ष थांबवली आणि म्हणाल्या, "ऑट्टो, समितीला जरा हलवा. हळूच." मी जागा झालो तो दोन्ही कुत्रेवाले माझ्याकडे पाहून हसत होते. त्यांचा समझोता तिथेच झाला. बाईंच्या सौजन्याबद्दल मी त्या दिवशी 'साधारण' असं लिहिलं.

पण ताई, दुसऱ्या खेपेला मी जेवण न करता गेलो आणि जे पाहिलं ते सांगण्यासारखं आहे. रॉइस टार्किंग्टन तुला आठवत असेलच. बटाट्याची मोठी वखार त्याची, वखारीमागची कामगारांची घरं त्याची, चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीतला पहिला घोडाही त्याचाच, आणि आता काउंटीच्या कारभारी मंडळातही तोच. त्या घरांतल्या एकात युलालिया सांडोव्हाल म्हणून वखारीत बटाटे निवडणारी, इंग्रजी मोडकंतोडकंच येणारी बाई राहते, पदरात मुलं आणि म्हातारी आई. रॉइसला ते घर रिकामं हवं होतं. कोर्टात तो एकटाच आला, वकीलसुद्धा न लावता, जणू घरचंच काम आहे. बाईंनी त्याची नोटीस मागून घेतली आणि मोठ्याने वाचली. कायद्याने जितकी मुदत द्यायला हवी तितकी तिच्यात नव्हती. शिवाय ती शेजारच्या दाराला चिकटवलेली होती.

"टार्किंग्टन, हे दार कोणाचं?" बाईंनी विचारलं.

"सगळी दारं माझीच आहेत," रॉइस म्हणाला.

"नोटीस द्यायची असते ती दाराला नाही, माणसाला," असं म्हणून बाईंनी दावा काढून टाकला. मागे कोणीतरी हसलं. (मी नव्हे. मी समिती होतो.) रॉइसचे कान बिटासारखे लाल झाले. त्याच आठवड्यात महामार्गावर एवढा मोठा फलक लागला: 'ऑनस्टॉट यांना काढा. घर तुमचं, हुकूम त्यांचा.'

पुढे उन्हाळा सरत आला तेव्हा रॉइस नवी नोटीस घेऊन आला. या वेळी मुदत पुरी, दार बरोबर, शब्दन् शब्द बरोबर. बातमी गावात आधीच पसरली होती, म्हणून आयोनबाईंच्या चर्चमधल्या बायका ओळीने येऊन बसल्या होत्या आणि जजबाईंकडे अशा बघत होत्या की कच्चं मडकं तडकलं असतं. युलालिया उभी राहिली. तिने सांगितलं की आई आजारी आहे, थंडी येते आहे, दुसरं घर मिळत नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला आणि सांगितलं, घर सोडावं लागेल.

बायकांच्या ओळीतून जो श्वास सुटला त्याने माझी टोपी हलली. पण बाई उठल्या नाहीत. त्यांनी दुभाष्याला जवळ बसवलं आणि युलालियाला सांगत बसल्या: गेल्या वेळी तुम्ही का जिंकलात, या वेळी का हरलात, कुठला कायदा, तो काय म्हणतो, कोणत्या दिवसापर्यंत राहता येईल, मदत कुठे मागायची, तिथे कोणाला भेटायचं. मध्ये दोनदा विचारलं, "हे कळलं का? नाही कळलं तर पुन्हा सांगते." रॉइस घड्याळ बघत होता. बाईंनी त्याला बसून राहायला सांगितलं.

बाहेर जिन्यापाशी युलालिया भेटली. (पक्षकारांशी बोलायची आम्हाला मनाई होती. पण जिना अरुंद आहे आणि मी जाड आहे, त्यामुळे बोलणं भाग पडलं.) मी म्हणालो, वाईट झालं. ती म्हणाली, "झालंच. गेल्या वेळी जिंकले तेव्हा काहीच कळलं नव्हतं, नुसती रडत घरी गेले. या वेळी हरले, पण का ते कळलं. मला इथे आल्यापासून कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं हो, नुसतं सांगायचे." मग डोळे पुसून तिने विचारलं, ओळखीत कोणाचा ट्रक आहे का, खाटा न्यायच्या आहेत. मी डेल्बर्टचं नाव सांगितलं.

रॉइस जिंकला होता, तेव्हा मला वाटलं तो फलक उतरवेल. उलट त्याने मला जेवायला नेलं. वेस्टर्नर हॉटेलात, खिडकीजवळच्या मेजावर, जिथे बसलेला माणूस अख्ख्या गावाला दिसतो. मांसाचा तुकडा ताटाबाहेर येत होता. रॉइसने रोझेलाची, घराची, सगळ्यांची विचारपूस केली आणि मग म्हणाला, "वेंडेल, तू शहाणा माणूस आहेस. त्या बाईचं काय करायचं ते तुला कळतं."

मी म्हणालो, अरे, पण तू जिंकलास की.

"जिंकलो ते विसरेन," रॉइस म्हणाला, "तिने माझी नोटीस मोठ्याने वाचली ते नाही विसरणार." आणि वेटरला सांगून माझ्यासाठी दुसरा बटाटा मागवला. खोटं कशाला सांगू, बटाटा मी खाल्ला.

यानंतर लोकांचे अभिप्राय आले. सरकारने कोर्टात येऊन गेलेल्यांना प्रश्न पाठवले होते. जे जिंकले त्यांच्या मते बाई अत्यंत विद्वान, जे हरले त्यांच्या मते ठार अडाणी, आणि कुत्रेवाल्या दोघांनी फक्त माझ्याबद्दल लिहिलं होतं. एकाने लिहिलं की बाई बऱ्या आहेत पण लायब्ररीपुढे गाडी लावायला जागा नाही. बहुतेकांची मुख्य तक्रार मात्र एकच: बाई हसत नाहीत.

म्हणून मुलाखतीला बाई आल्या (स्वतःची कॉफी स्वतःच्या थर्मासमध्ये घेऊन, म्हणजे आमचा कोणाचा मिंधेपणा नको) तेव्हा आयोनबाईंनी तोच प्रश्न पहिला विचारला. बाई म्हणाल्या, "माझ्यापुढे माणूस येतो तो घर घालवायला, नाहीतर मूल, नाहीतर लायसन. मी हसले तर त्याला काय वाटेल, आयोन?" आयोनबाईंनी ऑर्गनच्या पट्ट्या दाबल्यासारखी बोटं मेजावर फिरवली. डेल्बर्टने घसा साफ केला.

"तो बैल..."

"पाचेको, त्याच्या कानात तुमचा बिल्ला होता."

"बिल्ला माझा होता. बैल नव्हता."

मग मी विचारलं, स्वतःत काय सुधारावं असं तुम्हाला वाटतं? विमा विकताना मी हा प्रश्न विचारत असे, माणूस उघडा पडतो. बाई म्हणाल्या, "लोकांचं बोलणं मी मध्येच तोडते. ती सवय घालवायचा प्रयत्न चालू आहे." मी म्हणालो, असं वाटतं तर मग तुम्ही असं का करत नाही की आधी एक... "हो, तेही करून पाहिलं," बाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर मत घ्यायची वेळ आली. डेल्बर्ट म्हणाला, काढा, ही बाई भाडेकरूंची बाजू घेते, पहिल्या वेळी पाहिलंत ना. आयोनबाई म्हणाल्या, काढा, हिला काळीज नाही, दुसऱ्या वेळी त्या बिचारीला थंडीत बाहेर काढलं. एकच बाई, एकच घर, एकच युलालिया, आणि दोघं दोन टोकांनी येऊन एकाच चौकोनात उभी. फिलिपा म्हणाली, ठेवा, पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका, बरं म्हटलं तर लोक म्हणतील लाडीगोडी लावते आणि वाईट म्हटलं तर सोमवारी मला तिच्यापुढे उभं राहायचं आहे. राहिलो मी. मी 'काढा' म्हणालो असतो तर काम संपलं होतं. ताई, तो दुसरा बटाटा मला पोटात जाणवत होता. मला कोणाचं नाव राखायचं नव्हतं, कोणाची बाजू घ्यायची नव्हती, घरी जाऊन पाय शेकायचे होते. तरी मी जिन्यावर युलालिया काय म्हणाली ते सांगितलं. (मनाई मोडल्याचं फिलिपाने लगेच टिपलं.) आणि म्हणालो, ठेवा.

दोन विरुद्ध दोन झाले. मग आयोनबाई डेल्बर्टकडे वळल्या. "तू तिच्या खाटा नेल्यास ना? ती तुलाही असंच म्हणाली का?"

डेल्बर्ट म्हणाला, "खाटाच नव्हे, कपाटसुद्धा नेलं. मोफत. हो, म्हणाली. त्याने बैल माझा होत नाही."

"मग माझं 'ठेवा' लिही," आयोनबाई फिलिपाला म्हणाल्या. "पण हसण्याचं लिहायचंच."

तीन विरुद्ध एक. आता मतदारांच्या पुस्तिकेत छापायला एक परिच्छेद लिहायचा होता. फिलिपाने चांगला लिहिला होता. मग डेल्बर्ट म्हणाला, 'निःपक्षपाती' काढा, बैल आठवतो. आयोनबाई म्हणाल्या, 'दयाळू' नको आणि 'कठोर'ही नको, चर्चमध्ये दोन्ही बाजूंचे लोक येतात. फिलिपाने आपलं स्वतःचंच 'विद्वान' खोडलं, न जाणो नवऱ्याने कोर्टात वाचून दाखवलं तर. मी 'एकंदरीत' हा शब्द घातला. शेवटी छापून आलं ते असं: 'जजबाई ऑनस्टॉट वेळेवर येतात. एकंदरीत त्या जज आहेत. त्यांनी हसण्याकडे लक्ष द्यावे. समिती त्यांना ठेवावे असे सुचवते.' पाच महिने सरकारने आम्हाला याच्यासाठी पोसलं.

निवडणुकीत बाई राहिल्या, थोडक्यात. रॉइसच्या फलकाने बऱ्याच लोकांना 'काढा' पटलं होतं, पण बाईंचं नाव मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला होतं आणि त्यांतल्या पुष्कळांनी ती उलटलीच नाही. दुसऱ्या दिवशी किराण्याच्या दुकानात म्हातारा एल्मो ब्रँडव्होल्ड भेटला. म्हणाला, "मी ठेवलं हो तुमच्या ऑनस्टॉटला. माझी गाय त्याने वाचवली होती." मी म्हणालो, एल्मो, तो ऑनस्टॉट वेगळा, गुरांचा डॉक्टर. तो केव्हाच वारला. एल्मोने थोडा विचार केला. "तरी राहू दे," म्हणाला.

तर असा आपल्याकडे लोकशाहीचा कारभार. आमच्या परिच्छेदाने एक तरी मत फिरलं असेल असं मला वाटत नाही, पण ठेवायला हवी होती ती बाई राहिली, आणि मी जे म्हणालो ते खरं म्हणालो, एवढं समाधान आहे. भाऊजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा, समितीतून मोकळा झालेला भाऊ,
वेंडेल

ता. क. पत्र रोझेलाने वाचलं. म्हणाली, मुख्य गोष्ट राहिली. ती अशी. तिच्या गुडघ्यांपायी आम्ही टेकडीवरचं घर विकून नदीकाठी एका मजल्याचं घर भाड्याने घेतलं हे तुला माहीत आहे. त्याचा मालक कोण हे मी कळवलं नव्हतं, कारण मर्विनभाऊजींचं आणि रॉइस टार्किंग्टनचं शाळेपासून वाकडं. आमचा परिच्छेद छापून आला त्याच आठवड्यात रॉइसने कळवलं की यापुढे करार नाही, आणि नोटीस लावली. आमच्याच दाराला, चारही कोपरे नीट चिकटवून, मुदतीच्या बाबतीत एक दिवसही कमी नाही. मी शोधली, चूक सापडत नाही. रॉइस शिकला आहे.

आणखी ता. क. मुदत संपली तरी आम्ही हललो नाही आणि प्रकरण कोर्टात गेलं. जजबाई म्हणाल्या, हे वेंडेल हाउगस्टाड माझ्या कामाची तपासणी करणाऱ्या समितीत होते, कोणाला हरकत असेल तर मी दुसऱ्या काउंटीचे जज बोलावते. रॉइस म्हणाला, हरकत नाही. मीही म्हणालो, मुळीच नाही. (मला काय वाटलं होतं ते ताई, तू ओळखशील. माणूस आहे मी.) चहा निवायच्या आत मी हरलो. मग बाईंनी मला का हरलो ते समजावून सांगितलं. अगदी स्वच्छ. मला सगळं समजलं. समजून काडीचं बरं वाटलं नाही. युलालियाला वाटलं असेल.

शेवटची ता. क. तर तुमची मागची खोली मार्चपर्यंत मिळेल का? रोझेला स्वयंपाकाला हात लावील आणि मी कशालाही हात लावणार नाही. पत्राने उत्तर देऊ नकोस, फोन कर, कारण शुक्रवारी घर रिकामं करायचं आहे. रॉइसने बुधवार मागितला होता, बाईंनी शुक्रवार दिला. रोझेला विचारते, याला पक्षपात म्हणायचा का? मी म्हणालो, चौघांना विचारावं लागेल.